हिवाळ्यापुरता देश

दसऱ्याच्या आसपास, शाळूच्या पेरणीची घाई चाललेली असते तेव्हा, अथणी-रायबागकडच्या माळांवर भोवत्ये येऊ लागतात. घारीपेक्षा सडपातळ, लांब पंखांचा आणि लांब शेपटीचा हा शिकारी पक्षी. माळावरच्या जातींत नर राखाडी-पांढुरका, मादी तपकिरी, शेपटीच्या मुळाशी ठसठशीत पांढरा पट्टा असलेली. पुरुषभर उंचीवरून, पंख किंचित वर उचलून तो गवतावरून सावकाश तरंगत जातो, मध्येच गर्रकन वळतो आणि पाय खाली सोडून गवतात पडतो. उठतो तेव्हा बहुधा पंजात नाकतोडा असतो. माँटेग्यूचा भोवत्या, फिकट भोवत्या आणि पाणथळीच्या कडेने फिरणारा दलदली भोवत्या हे तिघेही दख्खनच्या पठारावर हिवाळा काढतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात.

त्यांच्यातले कितीतरी कझाकस्तान आणि दक्षिण रशियाच्या गवताळ मैदानांतून येतात. अस्ताना ते बेळगाव हे अंतर सरळ रेषेत धरले तरी सुमारे चार हजार किलोमीटर भरते, आणि पक्षी सरळ रेषेत क्वचितच उडतो. तीन-साडेतीनशे ग्रॅम वजनाच्या जिवाने दरवर्षी एवढा खटाटोप का करावा? थंडीमुळे, हे आपले सोपे उत्तर. अस्तानाचे जानेवारीतले सरासरी तापमान शून्याखाली पंधरा अंशांच्या आसपास असते, तेव्हा ते पटतेही. पण पिसे हे फार उत्तम पांघरूण आहे आणि पोट भरलेला पक्षी बरीच थंडी सोसतो. प्रश्न पोटाचाच आहे. नाकतोडे मरतात, सरडे बिळात जातात, उंदीर बर्फाखालून फिरतात, चंडोल आधीच निघून गेलेले असतात. त्यात दिवस लहान. डिसेंबरात अस्तानाला उजेड आठ तासांहून कमी मिळतो, बेळगावला अकरा तासांहून अधिक. डोळ्यांनी आणि कानांनी शिकार करणाऱ्याला रोज तीन तास जादा कामाचे मिळतात, तेही पाऊस नसताना. ऊब ही वरची मिळकत.

भोवत्याला इथला मुक्काम स्वस्त का पडतो, याचा हिशेबही असाच मांडावा लागतो. भोवत्याचा खर्च म्हणजे उडण्यात जाणारी शक्ती आणि उत्पन्न म्हणजे पंजात आलेले भक्ष्य. नाकतोडा हे फुटकळ उत्पन्न, त्यामुळे एक पकडायला फार भटकावे लागले तर धंदा बुडीत जातो. पावसाळ्यात अंड्यांतून निघालेले नाकतोडे आश्विन-कार्तिकात पूर्ण वाढलेले असतात, गवत पिवळे पडू लागलेले असते, वरून सगळे दिसते आणि ऐकूही येते. भोवत्याच्या चेहऱ्याभोवती घुबडासारखी पिसांची झालर असते. गवतातली खसखस टिपायला तिचा उपयोग होतो. हलक्या वाऱ्यावर पंख फारसे न हलवता शेताचा बांधन् बांध तपासायचा, ही त्याची काटकसर आहे.

आता बेळगाव जिल्ह्याचा नकाशा पसरून पाहा. पश्चिमेला कणकुंबी, मलप्रभेचा उगम, सह्याद्रीचा काठ. तिथे पाऊस मिलिमीटरमध्ये हजारांनी मोजतात. पूर्वेला अथणीकडे तो पाचशे-सहाशेवर येतो. एकाच जिल्ह्यात सदाहरित जंगल आणि कोरडे माळ. मध्ये बेळगाव, हुक्केरी, संकेश्वर, निपाणी हा भातापासून तंबाखू, भुईमूग, सोयाबीनपर्यंत पसरलेला मधला पट्टा. पाखरांना सीमा नसते असे कविमंडळी म्हणतात. मला ते खरे वाटत नाही. भोवत्याला सीमा आहे, आणि ती 1956 सालच्या राज्यपुनर्रचनेपेक्षा किंवा सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाच्या अहवालापेक्षा कितीतरी कडक आहे. ती पावसाने आखलेली आहे. खानापूरच्या दाट रानात त्याला काम नाही, कारण तिथे जमीनच दिसत नाही. त्याचा मुलूख झाडोरा विरळ होतो तिथे सुरू होतो आणि पुढे विजापूर, सांगली, सोलापूरकडे पसरतो.

हा मुलूख निवडतो कोण? एकेका पक्ष्याने देश पाहून पसंत केला, असे तर होत नाही. डच पक्षिशास्त्रज्ञ ए. सी. पर्डेक यांनी 1958 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत अजूनही सर्वांत आधी सांगितला जातो. शरद ऋतूत हॉलंडमधून जाणाऱ्या हजारो युरोपीय मैना, म्हणजे स्टार्लिंग, हेगजवळ पकडून, कडी घालून त्यांनी स्वित्झर्लंडमध्ये नेऊन सोडल्या. प्रौढ पक्ष्यांनी मार्ग दुरुस्त केला आणि ते इंग्लंड-उत्तर फ्रान्सच्या नेहमीच्या ठिकाणांकडे वळले. पहिल्यांदाच निघालेली पिल्ले मात्र हॉलंडहून ज्या दिशेला उडाली असती त्याच दिशेला उडत राहिली आणि थेट स्पेनपर्यंत गेली. म्हणजे नवख्याजवळ दिशा आणि साधारण अंतर एवढाच वारसा असतो. पत्ता अनुभवाने मिळतो. पहिल्या हिवाळ्यात जगला-वाचला तो पुढच्या वर्षी ओळखीच्या शिवारात येतो.

वारसा बदलतही असतो. मध्य युरोपातला ब्लॅककॅप हा छोटा गाणारा पक्षी पूर्वी हिवाळ्यासाठी नैर्ऋत्येला भूमध्य समुद्राकडे जाई. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यातले काही वायव्येला, ब्रिटनमध्ये, हिवाळा काढू लागले. तिथे थंडी अधिक, पण बागांतून माणसे दाणे आणि चरबीचे गोळे टांगतात. जर्मनीच्या पीटर बर्थोल्ड यांनी 1990 च्या सुमारास दाखवून दिले की ही नवी दिशा पिल्लांत जन्मतःच उतरते. अवघ्या काही दशकांत एका पाखराने देश बदलला, तोही उबदार सोडून गार. जेवणाची सोय कुठे आहे, यावरच सगळे ठरते.

माँटेग्यूच्या भोवत्याने तर दोन देश धरले आहेत. पश्चिम युरोपातले भोवत्ये सहारा ओलांडून साहेलच्या पट्ट्यात जातात. मध्य आशियातले आपल्याकडे येतात. साहेलमध्ये गेलेल्यांच्या पाठीवर यंत्रे लावून डच-जर्मन अभ्यासकांनी त्यांचा माग काढला, तेव्हा कळले की ते हिवाळाभर एका जागी राहतच नाहीत. उत्तरेचे गवत वाळून नाकतोडे संपले की दक्षिणेला सरकतात; एका हिवाळ्यात सरासरी चार मुक्काम, एकमेकांपासून दोनेकशे किलोमीटरवर. आपल्या पठारावरही फेब्रुवारीत माळ वाळतो, पण इथे दुसरी सोय असते: छोटे चंडोल, उंदीर, सरडे. गंमत अशी की हिवाळ्यात माळावर थव्यांनी उतरणारे आखूडबोटी चंडोल स्वतःच मध्य आशियातून आलेले असतात. पाहुणाच पाहुण्याची शिकार करतो.

बेळगावात शिकारीच्या ओढीने रमणारे परदेशी पाहुणे माणसांतही होते. 1818 नंतर इथे छावणी वसली आणि समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवरची ही हवा गोऱ्या अधिकाऱ्यांना मानवली. भातखाचरांत पाणलावे उतरले की बंदुका निघत. वर सांगितलेले चंडोलही साहेबांच्या टेबलावर ‘ऑर्टोलन’ या भारदस्त फ्रेंच नावाने जात. मात्र या अधिकाऱ्यांतल्या एकाचे आपल्यावर उपकार आहेत. कॅप्टन ई. ए. बटलर याने दख्खन आणि दक्षिण मराठा मुलखातल्या पक्ष्यांची यादी तयार केली. ती 1881 च्या सुमारास ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात आली. या भागातल्या पाखरांचा अभ्यास करायचा तर आजही तिथपासून सुरुवात करावी लागते. नियतकालिकाचा संपादक होता ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. त्याने पुढे 1885 मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेतला, आणि त्या काँग्रेसचे गांधीजींच्या अध्यक्षतेखालचे एकमेव अधिवेशन डिसेंबर 1924 मध्ये बेळगावातच भरले.

निपाणीपासून तासाभरावरच्या कोल्हापुरात शिकारीचा थाट निराळा होता. तिथे काळविटांवर सोडायला चित्ते पाळत, आणि देशी चित्ते मिळेनासे झाल्यावर आफ्रिकेतून मागवत. जहाजभाडे, चित्तेवान, रोजचे मांस, बैलगाडी! परदेशी शिकारी आणण्याचा हा सगळ्यांत महाग प्रकार असावा. ज्या माळांवर ते चित्ते धावले त्याच माळांवर भोवत्ये पदरखर्चाने येत होते.

सगळेच पाहुणे शेतकऱ्याच्या मर्जीतले नाहीत. भोरड्या घ्या. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या या मैना पूर्व युरोप आणि मध्य आशियात वीण उरकून पावसाळ्याच्या उत्तरार्धातच आपल्याकडे हजर होतात आणि एप्रिलपर्यंत हलत नाहीत. शाळू हुरड्यात आला की भोरड्या पडतात. माळ्यावर उभ्या राखणदाराने गोफण फिरवावी, डबा बडवावा, थवा उठून दुसऱ्या टोकाला बसतो. शिव्या खाण्यात या पाखराचा हात कोणी धरणार नाही. पण विणीच्या प्रदेशात हीच भोरडी टोळांवर जगते. चीनच्या शिनजियांग प्रांतात टोळ आवरावेत म्हणून तिच्या घरट्यांसाठी मुद्दाम दगडविटांचे ढीग रचून देतात. तिथे जिला घर बांधून देतात, तिच्यावर आपण गोफण उगारतो. दोन्ही शेतकऱ्यांचे आपापल्या जागी बरोबरच आहे. आणि आपल्याकडेही ती किडे खातेच; फक्त तिचे उपकार दिसत नाहीत, कणसे दिसतात.

गोकाकजवळ घटप्रभेवर धुपदाळचा बंधारा आहे. त्या परिसरात पक्षी अभयारण्य आहे आणि हिवाळ्यात तिथे कांड्या करकोचे व पांढरे करकोचे दिसल्याच्या नोंदी आहेत. पट्टकादंबांची मोठी वस्ती पाहायची तर थोडे पुढे गदग जिल्ह्यातल्या मागडी तलावावर जावे. 2024 मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. हिमालय ओलांडताना सात हजार मीटरांहून उंच गेल्याची यंत्रांनी नोंद घेतलेला हा हंस इथे येऊन शेतात चरतो. तो शाकाहारी, त्यामुळे आपल्या विषयात जेमतेम बसतो.

आणि काहींना बेळगाव हे मुक्कामाचे गाव नसून वाटेवरचे ठाणे आहे. अमूर ससाणा सैबेरिया आणि उत्तर चीनमधून निघतो, नागालँडमध्ये उडत्या वाळव्यांवर ताव मारून चरबी साठवतो, मग भारत आडवा ओलांडून अरबी समुद्रावरून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे जातो. 2012 मध्ये नागालँडमधल्या दोयांग जलाशयापाशी या ससाण्यांची प्रचंड कत्तल उघडकीस आली. पुढच्याच वर्षी गावकऱ्यांनी ती थांबवली, आणि ‘नागा’, ‘पांगती’, ‘वोखा’ अशी नावे ठेवून तीन पक्ष्यांच्या पाठीवर यंत्रे बसवण्यात आली. समुद्र पार करायला लागणारी शिदोरी वाटेत चतुरांच्या रूपाने मिळते असे अभ्यासक मानतात, कारण त्याच दिवसांत पिवळसर चतुरांचे थवेही वाऱ्याबरोबर आफ्रिकेकडे निघालेले असतात. नोव्हेंबर-डिसेंबरात पठारावरच्या विजेच्या तारांवर एखाद-दुसरा लाल पायांचा छोटा ससाणा बसलेला दिसला तर नीट पाहावे.

स्वस्त देश महाग कसा पडतो, याचे उदाहरण अर्जेंटिनात घडले. उत्तर अमेरिकेतला स्वेन्सनचा बाज हिवाळ्यात अर्जेंटिनाच्या पंपास मैदानांत जाऊन नाकतोड्यांवर जगतो. तिथल्या शेतकऱ्यांनी नाकतोड्यांवर मोनोक्रोटोफॉस फवारले आणि 1995-96 च्या हंगामात मेलेल्या बाजांचा अंदाज वीस हजारांवर गेला. यंत्रे लावलेल्या पक्ष्यांचा माग काढत अभ्यासक शेतात पोहोचले, तेव्हा झाडांखाली पक्ष्यांचा खच पडला होता. त्यानंतर तिथे त्या औषधावर निर्बंध आले. मोनोक्रोटोफॉस आपल्याला अनोळखी नाही. कापसावर ते वर्षानुवर्षे मारले गेले आणि 2017 च्या यवतमाळच्या फवारणी-विषबाधेच्या चर्चेत हेही नाव होते. नाकतोडे खाणारा पक्षी फवारलेल्या शेतात पहिला घास घेतो, हे तिथे कळले ते इथेही लागू आहे.

बेळगावकडे मात्र मला फवारणीपेक्षा मोठी गोष्ट ऊस वाटते. कृष्णेच्या आणि हिडकल धरणाच्या पाण्याने रायबाग, चिकोडी, अथणी, हुक्केरीचे रूप पालटले. कर्नाटकात उसासाठी हा जिल्हा आघाडीवर आहे. शेतकऱ्याच्या हाती पैसा आला, त्यात वाईट काही नाही. पण उंच, दाट उसाच्या फडात भोवत्याला पंख पसरून खाली उतरता येत नाही. उरते गायरान. आणि गायरानाला सरकारदरबारी ‘पडीक’ म्हणतात, त्यामुळे वसाहत, कारखाना, सौरपट्ट्या, काहीही आणायचे झाले की पहिले बोट त्याच्यावरच पडते. वन खाते तिथे झाडे लावते, आणि झाडे लावणे पुण्यकर्म असल्याने कोणी हरकतही घेत नाही. गवतच ज्याचे घर, त्याच्यासाठी रोपवन आणि इमारत यांत फार फरक नाही.

भोवत्ये झाडावर झोपत नाहीत, हे यात कळीचे. अंधार पडू लागला की दूरदूरचे पक्षी एकेका गवताळ माळावर जमतात आणि जमिनीवरच, गवताच्या आडोशाला रात्र काढतात. गुजरातच्या वेळावदरला 1990 च्या दशकात एकाच रातथाऱ्यावर दोन हजारांहून अधिक भोवत्ये मोजले गेले. ते गवत काळविटांसाठी राखलेले होते म्हणून टिकले. बंगळूरच्या एट्री संस्थेतले टी. गणेश आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षे देशभरच्या रातथाऱ्यांवर नजर ठेवून आहेत, आणि अनेक ठिकाणी संख्या घटल्याचे त्यांनी नोंदवले आहे. 2023 च्या देशव्यापी पक्षी-अहवालातही मोकळ्या माळरानावरचे आणि स्थलांतर करणारे पक्षी घसरणीच्या रांगेत आहेत. फिकट भोवत्या तर जागतिक यादीत संकटाच्या उंबरठ्यावर आहे.

सीमाभागातला रातथारा शोधायचा तर दुर्बीण लागेलच असे नाही. डिसेंबर-जानेवारीत, सूर्य मावळण्याच्या तासभर आधी, गुडघाभर गवत राहिलेल्या गायरानाच्या कडेला उभे राहावे. आत शिरू नये. भोवत्ये एकाच दिशेने, खालून, एकामागून एक येताना दिसले तर सकाळी उजाडल्यावर तिथे किड्यांच्या तंगड्या आणि पंखांनी भरलेल्या गोळ्या सापडतात. न पचलेले ते तोंडावाटे टाकतात. त्या गोळ्या फोडून भोवत्याने काय खाल्ले ते शाळेतली मुलेही सांगू शकतात. नोंद ई-बर्डवर टाकावी, आणि गावच्या मेंढपाळांना आधी विचारावे. भोवत्ये कुठे उतरतात हे त्यांना बहुधा ठाऊक असते. आजवर कोणी विचारलेले नसते, एवढेच.