सातबाऱ्यावरचे 'अ.पा.क.'

मुरबाड-शहापूरकडे जमिनीला गिऱ्हाईक वाढले, तशी सातबाऱ्यावरची एक बारीक नोंद नीट वाचणे निकडीचे झाले आहे. बाप वारला की वारसांत अठराच्या आतल्या मुलाचे नाव लागते आणि त्यापुढे येते 'अ.पा.क. आई', म्हणजे अज्ञान पालन कर्ता. ही आई मुलाच्या हिश्शाची राखणदार असते, मालक नव्हे.

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, 1956 च्या कलम 8 नुसार मुलाच्या स्वतंत्र मालकीची जमीन विकायला, गहाण टाकायला किंवा बक्षीस द्यायला न्यायालयाची आधी परवानगी लागते. ती नसेल तर सज्ञान झाल्यावर 3 वर्षांच्या आत मुलाला व्यवहार रद्द करून मागता येतो. एकत्र कुटुंबाच्या न वाटलेल्या जमिनीचा नियम मात्र वेगळा आहे. सह्या करण्याआधी वकिलाला विचाराच.

बाप हयात आहे पण वर्षानुवर्षे फिरकतच नाही, तेव्हा काय? विदर्भातल्या जमिनीवरून लढल्या गेलेल्या जिजाबाई गजरे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1970 मध्येच अशा आईला नैसर्गिक पालक मानले. 1999 च्या गीता हरिहरन निकालाने हा आधार आणखी भक्कम केला.

आजी, मामा, काका कितीही जीव लावोत, ते आपोआप कायदेशीर पालक ठरत नाहीत. त्यांना 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली अर्ज करावा लागतो. हा कायदा सर्व धर्मांना आणि ठाकर, कातकरी अशा आदिवासी कुटुंबांनाही लागू आहे. मूल जिथे नेहमी राहते, तिथल्या जिल्हा न्यायालयाकडे अर्ज जातो.