वाढीचा भाव आणि वारसांचा वाडा

आपल्या पालकांपैकी अनेक जण सैन्यातून चाळिशीच्या आसपासच निवृत्त होतात. हाती एकरकमी पैसा येतो. मग एक जण सांगतो, ‘ग्रोथ’मध्ये टाका, दुसरा म्हणतो, ‘व्हॅल्यू’त. छात्रमित्रांनो, तुमच्या घरीही ही चर्चा होणार, म्हणून थोडे समजावून सांगतो.

माझे घर काशीला दुर्गाघाटावर. तिथली मराठी वस्ती पेशवाईपासूनची. एखादा जुना दगडी वाडा निम्म्या भावात निघाला की आमच्या गल्लीत पहिला प्रश्न असतो, “वारस किती?” शेजारी यात्रेकरूंसाठी खोल्या काढलेले घर मात्र दुप्पट सांगतात, त्या भावात पुढच्या दहा वर्षांचे पाहुणे आधीच मोजलेले असतात. वाडा घेणे ही व्हॅल्यूची खरेदी, खोल्यांचे घर घेणे ही ग्रोथची.

इन्फोसिस 1981 मध्ये पुण्यात सुरू झाली. 1993 मध्ये तिचा शेअर 95 रुपयांना विक्रीला आला, तेव्हा लोकांनी पुरती मागणीही केली नाही. ज्यांनी घेऊन ठेवला त्यांचे भले झाले. पण 2000 च्या तेजीत तोच शेअर वार्षिक नफ्याच्या शंभरपटीहून अधिक भावाने विकला जात होता. आता गणित करा. नफा दरवर्षी 25 टक्के वाढला तर दहा वर्षांत तो सुमारे 9.3 पट होतो. म्हणजे भाव तसूभरही न हलता शंभरपट उतरून अकरापटीच्या आत येते. कंपनी उत्तम वाढली, तरी 2000 च्या शिखरावर घेणाऱ्यांना मुद्दल दिसायला वर्षे लागली.

व्हॅल्यूचे शास्त्र बेंजामिन ग्रॅहम आणि डेव्हिड डॉड यांनी 1934 मध्ये ग्रंथरूपाने मांडले. आपल्याकडचे उदाहरण साताऱ्याचे. महाराष्ट्र स्कूटर्स ही 1975 ची कंपनी, बजाज आणि राज्य सरकारचे महामंडळ यांची भागीदारी. स्कूटर बनवणे थांबले, पण कंपनीकडे बजाज समूहाचे शेअर होते. त्या शेअरची जी किंमत होत होती, तिच्याहून या कंपनीचा बाजारभाव कमीच राहिला. स्वस्तच की! पण इथेही ‘वारस’ निघाले. महामंडळाच्या 27 टक्के हिश्श्याचा भाव लवादाने 2006 मध्ये 151 रुपये 63 पैसे ठरवला, आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन 2019 मध्ये मिटला. तोवर बाजारातला भाव हजारांत गेला होता.

त्यामुळे ग्रोथ चांगले की व्हॅल्यू, हा वाद मला फारसा पटत नाही. वाढ हीसुद्धा मूल्याचाच एक भाग, असे वॉरन बफे यांनी 1992 च्या भागधारकांना लिहिलेल्या पत्रात मांडले आहे. ग्रोथवाल्याला विचारावे, ‘किती वर्षांची वाढ या भावात धरली आहे?’ व्हॅल्यूवाल्याला विचारावे, ‘हे स्वस्त का पडले आहे, आणि कुलूप कोण उघडणार?’ उत्तर देता येत नसेल त्याचे ऐकू नये. आणि मुलाच्या फीसाठी तीन वर्षांत लागणारे पैसे आधी मुदत ठेवीत बाजूला काढावेत. ही चर्चा उरलेल्या रकमेची आहे.