मोटारीला उसनी वीज

मोटारीचे इंजिन आपण होऊन जागे होत नाही. त्याला कोणीतरी उठवावे लागते. ज्यांनी जुनी ॲम्बॅसडर किंवा जीप चालविली आहे, त्यांना पुढल्या बाजूस खोचून फिरवावयाचे ते वाकडे लोखंडी हँडल आठवत असेल. थंडीच्या सकाळी चार-दोन हिसके द्यावेत, तेव्हा कोठे इंजिन खोकत खोकत सुरू होई; आणि हँडलने उलट उसळी घेतली तर मनगटाचे हाड मोडण्याचा प्रसंग येई. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी सिद्ध केलेला विजेचा स्टार्टर १९१२ साली कॅडिलॅक मोटारीवर बसविण्यात आला आणि तेव्हापासून हे कष्ट हळूहळू संपत गेले. आजच्या मोटारीत हँडलला जागाच ठेवलेली नसते. सोय झाली खरी. पण सगळी भिस्त बॉनेटखालच्या एका चौकोनी पेटीवर आली. ती पेटी रुसली की लाखो रुपयांची मोटार आणि दारातला दगड यांत फारसा फरक उरत नाही.

आणि ती रुसते तीही नेमकी अडचणीच्या वेळी. पहाटे घरातील वडीलधाऱ्या माणसाला इस्पितळात न्यावयाचे असते, किंवा मुलाबाळांसह आंबोलीच्या घाटात दहा मिनिटे थांबून पुढे निघावयाचे असते. किल्ली फिरवावी तर ‘टक्’ एवढाच आवाज यावा. अशा वेळी शेजारच्या मोटारीतून दोन तारांनी वीज उसनी घेता येते. कृती अवघड नाही. परंतु ती चुकीच्या क्रमाने केली तर डोळ्यांना कायमची इजा होऊ शकते. म्हणून ती करण्यापूर्वी समजून घ्यावी हे बरे.

मोटारीची नेहमीची बॅटरी म्हणजे शिसे आणि गंधकाम्ल यांचा संसार होय. गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली तो मांडला आणि मूळ तत्त्व आजही तेच आहे. बॅटरीत सहा घरे असतात. प्रत्येक घर सुमारे २.१ व्होल्ट दाब देते. म्हणून पूर्ण भरलेली ‘१२ व्होल्ट’ची बॅटरी प्रत्यक्षात सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते, आणि मीटरवर १२ च्या खाली आकडा आला की ती जवळजवळ रिकामी झाली असे समजावे. वीज खर्च होत असता दोन्ही पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचा थर जमतो व आम्ल पातळ होत जाते; भरतेवेळी हीच क्रिया उलट होते. मात्र बॅटरी बरेच दिवस उतरलेल्या स्थितीत पडून राहिली तर तो थर कठीण होऊन बसतो, मग ती कितीही भरा, पूर्वीची ताकद येत नाही.

बॅटरी उतरते कशाने? पुढले दोन मोठे दिवे जुन्या पद्धतीच्या बल्बांचे असतील, तर मागील दिव्यांसह ते सुमारे १० अँपिअर प्रवाह ओढतात. लहान पेट्रोल मोटारीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची असते. म्हणजे दिवे चुकून चालू राहिले तर साडेतीन तासांत सारा कारभार आटोपला! परंतु काहीही चालू न ठेवतासुद्धा उभ्या मोटारीतील घड्याळ, चोरघंटा, कुलूपयंत्रणा ही मंडळी थोडीथोडी वीज पीतच असतात. तो प्रवाह ३० मिलिअँपिअर धरला, तरी तीन-साडेतीन आठवड्यांत अर्धी बॅटरी रिती होते. २०२० च्या मार्चमध्ये देशभर टाळेबंदी लागू झाली, तेव्हा महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या मोटारींनी हाच धडा घरोघरी दिला.

हवामानाचाही यात वाटा आहे. नागपूर, अकोला किंवा जयपूर येथील उन्हाळा बॅटरीचे आयुष्य खातो. तपमान आठ-दहा अंशांनी वाढले की आतील झीज जवळजवळ दुप्पट होते. उलट लेह किंवा गुलमर्ग येथील थंडी आयुष्य खात नसली तरी त्या वेळची ताकद हिरावून घेते. उणे १८ अंशांवर बॅटरीचा जोर निम्म्याहूनही कमी भरतो, आणि त्याच वेळी घट्ट झालेल्या तेलामुळे इंजिन फिरविण्यास अधिक जोर लागतो. शिवाय भरलेल्या बॅटरीतील द्रव सहसा गोठत नाही, पण उतरलेल्या बॅटरीतील द्रव पाण्याच्या जवळ गेलेला असल्याने उणे दहाच्या आसपासच गोठू शकतो. बॅटरीचे अंग फुगलेले दिसले, ती गोठली असल्याची शंका आली किंवा तिला तडा गेलेला असला, तर तिला तार लावण्याच्या भानगडीत कोणीही पडू नये.

आता तारांविषयी, कारण फसगत होते ती येथेच. बाजारात जंपर केबल म्हणून ज्या लाल-काळ्या तारा मिळतात, त्यांच्या वेष्टनावर ‘५०० अँपिअर’, ‘१००० अँपिअर’ असे आकडे ठळकपणे छापलेले असतात. त्या आकड्यांवर जाऊ नये. तारेचे मोल तिच्या बाहेरील रबरावरून नव्हे, आतील तांब्यावरून ठरते. जाड रबर चढवून आत सुतासारखा गाभा ठेवण्याची युक्ती विक्रेत्यांना चांगलीच अवगत आहे.

थोडा हिशेब करून पाहू. मध्यम मोटारीचा स्टार्टर फिरताना १५० अँपिअर तरी प्रवाह ओढतो. डिझेलचे मोठे इंजिन असेल तर याच्या दुपटीहून अधिक. तीन मीटर लांबीच्या दोन तारा म्हणजे जाण्यायेण्याचा सहा मीटरांचा मार्ग झाला. गाभ्याचा छेद ६ चौरस मिलिमीटर असेल तर या मार्गावरच अडीच व्होल्टांहून अधिक दाब खर्ची पडतो आणि तारा हातात धरवणार नाहीत इतक्या तापतात. छेद १६ चौरस मिलिमीटर असेल तर तूट सुमारे एक व्होल्टावर येते, २५ असेल तर अर्ध्या व्होल्टाहून थोडी अधिक. बारातून अडीच गेल्यावर स्टार्टरच्या हाती जे उरते, त्यात तो कण्हतो फक्त, फिरत नाही. म्हणून लहान पेट्रोल मोटारीस १६, मोठ्या पेट्रोल किंवा मध्यम डिझेल गाडीस २५ आणि त्याहून मोठ्या डिझेल इंजिनास ३५ चौरस मिलिमीटरची तार मागावी. २५ चा नुसता तांब्याचा गाभाच जवळजवळ पेन्सिलीच्या जाडीचा भरतो, हे लक्षात ठेवले म्हणजे दुकानदाराशी बोलणे सोपे जाते. काही वेष्टनांवर अमेरिकन गेजचा आकडा असतो. तेथे हिशेब उलटा, आकडा लहान तितकी तार जाड. ४ गेज म्हणजे सुमारे २१ चौरस मिलिमीटर, ६ गेज म्हणजे १३. ८ किंवा १० गेजची तार मोटारीसाठी घेऊच नये.

दुसरी फसगत धातूची. पुष्कळशा स्वस्त तारांत ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेला असतो. दिसावयास लालसर, पण वीज वाहून नेण्याचा गुण शुद्ध तांब्याच्या सुमारे दोनतृतीयांश. टोकाची एक काडी चाकूने खरवडावी. आत पांढरी चमक दिसली की ओळख पटली. अशी तार अगदीच टाकाऊ असते असे नाही, परंतु ती पुरेशी जाड हवी आणि तिची किंमतही तशीच कमी हवी. चिमटेही तपासून घ्यावेत. त्यांची पकड घट्ट, मूठ पूर्णपणे रबराने झाकलेली आणि जबड्याची दोन्ही अंगे तारेस जोडलेली असावीत. चिमट्याच्या जबड्यास लोहचुंबक चिकटला तर तो तांब्याचा नसून रंग दिलेल्या पोलादाचा आहे हे निश्चित. लांबीचा मात्र फार हव्यास धरू नये. समोरासमोर उभ्या केलेल्या गाड्यांना तीन मीटर पुरतात; भिंतीकडे तोंड करून शेजारी शेजारी गाड्या लावण्याची सोसायटीची पद्धत असेल तर चार मीटर घ्यावी, पण मग जाडीही एक पायरी वाढवावी.

तार लावण्याआधी रोग खरोखर बॅटरीचाच आहे ना, हे पाहावे. दिवे मंद, हॉर्नचा आवाज बसलेला आणि सेल्फ मारताच टक्‌टक्‌टक् असा आवाज, ही बॅटरी उतरल्याची चिन्हे होत. दिवे लख्ख असून इंजिन फिरत नसेल तर दोष बहुधा स्टार्टरमध्ये किंवा सैल जोडणीत असतो. पुष्कळदा बॅटरीच्या खांबावर साचलेली पांढरी-निळसर बुरशीसारखी पूड हीच खरी गुन्हेगार ठरते. चिमूटभर खाण्याचा सोडा गरम पाण्यात घालून ती धुऊन काढली आणि जोडणी कोरडी करून आवळली की मोटार मुकाट्याने चालू होते.

मदतीस येणाऱ्या गाडीची बॅटरीही १२ व्होल्टचीच असावी. बस आणि मोठे ट्रक बहुधा २४ व्होल्टवर चालतात. रस्त्यावर ट्रकवाला कितीही आपुलकीने तार पुढे करो, ती मदत स्वीकारू नये, कारण दुप्पट दाबाने मोटारीतील सगळी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा जळून जाऊ शकते. विजेवर चालणाऱ्या व हायब्रीड गाड्यांकडून वीज घ्यावी की नाही, हे त्यांच्या पुस्तिकेत पाहूनच ठरवावे. काही उत्पादक त्यास स्पष्ट मनाई करतात. पण मोठ्या बॅटरीची ‘जास्त’ वीज आपल्या लहान बॅटरीत घुसेल, ही भीती मात्र निराधार आहे. दाब सारखा असला की स्टार्टर आपल्याला हवा तेवढाच प्रवाह घेतो.

दोन्ही गाड्या एकमेकींना न टेकतील अशा उभ्या कराव्यात, हँडब्रेक ओढावेत, गिअर मोकळे करावेत, दिवे, पंखा, रेडिओ बंद करावेत. मुलांना दूर पाठवावे. हातातील अंगठी, कडे, बांगड्या काढून ठेवाव्यात. १२ व्होल्टांचा झटका बसत नाही हे खरे, पण सोन्याची बांगडी धन खांब आणि पत्रा यांच्यामध्ये अडकली तर क्षणात तापून लाल होते आणि मनगट भाजते. चष्मा असल्यास तो डोळ्यांवर असू द्यावा.

प्रथम लाल तारेचे एक टोक उतरलेल्या बॅटरीच्या धन खांबास, म्हणजे अधिक चिन्ह असलेल्या खांबास लावावे. तिचेच दुसरे टोक चांगल्या बॅटरीच्या धन खांबास. मग काळी तार चांगल्या बॅटरीच्या ऋण खांबास. आता उरले चौथे टोक, आणि सारे मर्म या चौथ्या टोकात आहे. ते उतरलेल्या बॅटरीस लावावयाचे नाही. बॅटरीपासून शक्य तितके लांब, इंजिनाच्या रंग नसलेल्या जाड धातूस किंवा उत्पादकाने दिलेल्या अर्थच्या खुंटीस ते लावावे. कारण असे की, मंडल पूर्ण होते ते या शेवटच्या स्पर्शाने, आणि त्या क्षणी ठिणगी ही उडणारच. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघत असतो. हवेत त्याचे प्रमाण केवळ ४ टक्के झाले तरी तो पेट घेतो. ठिणगी बॅटरीच्या तोंडाशीच उडाली तर पेटी फुटून आम्ल तोंडावर उडते. ‘आजवर आम्ही खांबालाच लावत आलो, काही झाले नाही,’ असे म्हणणारे गॅरेजवाले भेटतील. त्यांच्याशी वाद घालू नये. आपली तार आपण इंजिनालाच लावावी. आम्ल अंगावर उडालेच तर दुसरे काही न शोधता पंधरा-वीस मिनिटे भरपूर पाण्याने धुवावे आणि डोळ्यांत गेले असेल तर धुऊन झाल्यावर लगेच डॉक्टर गाठावा.

जोडणी झाली की मदतीच्या गाडीचे इंजिन चालू करून पाच मिनिटे थांबावे. तेवढ्यात उतरलेली बॅटरी थोडी सावरते. मग आपला सेल्फ मारावा, एका वेळी दहा सेकंदांहून अधिक नाही, आणि मध्ये मिनिटभर विश्रांती द्यावी. तीन-चार प्रयत्नांत इंजिन उठले नाही तर दोष अन्यत्र आहे. उठले तर तारा लावल्याच्या उलट क्रमाने काढाव्यात, इंजिनावरील काळे टोक सर्वांत आधी. काढतेवेळी आपल्या गाडीचा पंखा मोठ्या वेगावर ठेवला तर दाबाची एकाएकी येणारी उसळी तो शोषून घेतो. इंजिन चालू असता बॅटरीचीच जोडणी सोडवून ‘डायनामो तपासण्याची’ जुनी रीत आजच्या गाड्यांवर कधीही करू नये. तेथे त्या उसळीने संगणकच निकामी होतो. तपासावयाचेच असेल तर चालू इंजिनावर बॅटरीच्या खांबांशी मीटर लावावा. बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले की भरणी व्यवस्थित चालली आहे.

तारा नसतील तर धक्का मारण्याचा मार्ग आहेच, पण तो फक्त हाताने गिअर बदलावयाच्या गाड्यांसाठी. किल्ली चालू, दुसरा गिअर, क्लच दाबलेला. गाडीने वेग घेतला की क्लच सोडावा. घाटातील उतारावर हा प्रयोग करण्याआधी दहादा विचार करावा, कारण इंजिन बंद असता ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात. आणि बॅटरी अगदीच रिकामी असेल तर आजची इंजेक्शनची इंजिने धक्क्यानेही उठत नाहीत. इंधनपंपालाही वीज लागते. हल्ली लिथियमच्या छोट्या पेट्या मिळतात, त्यांनी शेजाऱ्याविना काम भागते. मात्र त्या दोन-तीन महिन्यांनी भरून ठेवाव्या लागतात आणि मे महिन्याच्या उन्हात बंद गाडीत त्यांना ठेवणे धोक्याचे आहे.

उसनी वीज घेऊन चालू झालेली मोटार कोपऱ्यावर जाऊन परत आणली तर बॅटरी भरत नाही. अर्ध्या तासाच्या प्रवासानेही थोडीच भर पडते. खरी भरणी चार्जरवर रात्रभर ठेवूनच होते. झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर पाणी कमी झाल्यावर केवळ डिस्टिल्ड पाणी घालावे. नळाचे नाही, घरच्या शुद्धीकरण यंत्राचेही नाही; त्यातही क्षार उरतात. घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीलाही हाच नियम लागू आहे.

तीन ते पाच वर्षांनी बॅटरी बदलण्याची वेळ येतेच. जुनी पेटी दारावरच्या भंगारवाल्यास देऊ नये. तो ती कोठे फोडील याचा नेम नसतो, आणि शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूस फार घातक असते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचे पुनश्चक्रीकरण घडवून आणण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी बॅटरी घेताना दुकानदार जुनीची किंमत वळती करून देतो. ती पावतीवर लिहून घ्यावी, आणि त्याच वेळी नव्या पेटीवर कोरलेली निर्मितीची तारीखही वाचून पाहावी. सहा महिने फळीवर पडून राहिलेली बॅटरी नवी म्हणून घेण्यात अर्थ नाही.