दुःखाला चाल लावणारे लोक

चळवळीत वावरणाऱ्या आम्हां मंडळींना एक प्रश्न नेहमी पडतो : गाण्याने माणूस लढायचे विसरतो, की लढण्यापुरता जिवंत राहतो? अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ‘ब्लूज’ गाण्यात आम्हांला त्याचे उत्तर सापडते.

१८६५ साली तेथील गुलामगिरी कायद्याने संपली. पण मिसिसिपीच्या कापसाच्या मळ्यांत कर्जाची बेडी उरली. कूळ वाट्याने राबे, बी-बियाणे नि शिधा बहुधा मालकाच्याच दुकानातून उधार घेई, आणि हिशेबाच्या दिवशी पुष्कळदा देणेकरीच ठरे. वही मालकाची, लेखणीही मालकाचीच! तोंड उघडावे तर जिवावर बेतायचे. मग जे बोलता येत नव्हते, ते माणूस गाऊ लागला.

या गाण्याची नेहमीची बांधणी साधी. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिला जबाब द्यायचा. त्या पुनरुक्तीत गाणाऱ्याला पुढचे सुचायला अवसर मिळतो, ऐकणाऱ्याला ‘हे माझेच’ असे म्हणायला. १९२७ साली मिसिसिपीला महापूर आला. १९२९ साली चार्ली पॅटनने त्यावरचे गाणे ध्वनिमुद्रित केले. १९४३ साली मडी वॉटर्स मळा सोडून शिकागोला गेला, आणि कारखान्यांच्या त्या शहरात ही गाणी विजेच्या गिटारीवर वाजू लागली.

गाण्याने मजुरी वाढली नाही, हे खरेच. पण ज्याचे दुःख चारचौघांत उच्चारले गेले, तो एकटा राहत नाही. आणि श्रोतेहो, एकटा न राहिलेला माणूस हाच कोणत्याही संघटनेचा पहिला चिरा असतो.