माशांच्या अंगावरील परोपजीवी : ते ओळखावे कसे ?

मृगाचा पाऊस पडून ओढ्यानाल्यांना पाणी आलें, म्हणजे पनवेल तालुक्याच्या खेड्यांतून ‘वलगण’ हा शब्द ऐकूं येऊं लागतो. नदींतले व तळ्यांतले मासे अंडीं घालण्याकरितां प्रवाहाच्या उलट चढून भाताच्या खाचरांत शिरतात, आणि लोक रात्रीं दिवे घेऊन ते धरावयास बाहेर पडतात. तळोजा हें याच मुलखांतलें गांव. त्याच्या जवळून कासाडी नदी वाहते व पुढें पनवेलच्या खाडीस मिळते. आज येथें महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची मोठी वसाहत आहे, आणि भोंवतालच्या जुन्या शेतांवर उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. त्या इमारतींत राहावयास आलेल्या कुटुंबांना वलगण ठाऊक नसली, तरी मासा ठाऊक आहे. तो बाजारांतून घरीं येतो, आणि त्याच्याबरोबर कधीं कधीं एक शंकाहि घरांत येते.

माझ्या परिचयाच्या एका घरीं ती अशी आली. विळीवर मासा चिरतांच त्याच्या पोटांतून पांढऱ्या फितीसारखा एक लांब कृमि बाहेर पडला. घरांतील सर्व मंडळींचा एकच निकाल झाला : ‘कारखान्यांच्या पाण्यानें माशांत किडे पडले.’ मासा अर्थातच कचऱ्याच्या पेटींत गेला. पंधरा दिवसांनीं त्याच घरीं दुसरा मासा आला. तो दिसावयास अगदीं स्वच्छ होता, मात्र त्याला औषधासारखा उग्र वास येत होता. गृहिणीनें मसाला थोडा अधिक घातला, आणि सर्वांनीं तो खाल्ला.

श्रोतेहो, टाकण्याचें कारण नव्हतें तो मासा त्या घरानें टाकला, आणि टाकावयास हवा होता तो खाल्ला. ही चूक अडाणीपणाची नव्हे. शिकलेल्या माणसांकडूनहि ती सहज होते, कारण जें डोळ्यांना किळसवाणें वाटतें तेंच घातक असलें पाहिजे, अशी आपली समजूत असते. तेव्हां माशांच्या अंगावरील नेहमींचे परोपजीवी कोणते, ते कसे ओळखावे, आणि त्यांच्यापासून भय कितपत मानावें, हें आज थोडक्यांत सांगावयाचें आहे.

त्यासाठीं लागणारें साहित्य प्रत्येक घरांत आहे. एक पांढरी बशी, थोडें पाणी, चांगला उजेड, आणि मुलांच्या दप्तरांत असतें तसलें एखादें भिंग, एवढें पुरें. पाहण्याचा क्रम मात्र ठरलेला असावा. प्रथम कातडी व पर, नंतर कल्ले, मग पोट, आणि शेवटीं मांस. आणि एक खूण प्रारंभींच ध्यानांत ठेवावी : परोपजीवी हा प्राणी आहे, म्हणून त्याला स्वतःचा आकार असतो. त्याला कडा असतात, पुष्कळदां डोकें-शेपूट असतें, आणि सुईच्या टोंकानें तो आसपासच्या मांसापासून वेगळा करतां येतो. विषारी पाण्यानें झालेल्या जखमेला असा आकार नसतो.

कातडीवर सर्वांत सहज दिसते ती माशांची ऊ. शास्त्रांत हिला आर्ग्युलस म्हणतात. ही खरी ऊ नव्हे; खेंकडा व कोळंबी ज्या कवचधारी प्राण्यांच्या वर्गांत मोडतात, त्यांतलीच ती आहे. रोहू, कटला, मृगळ यांच्या तळ्यांत हिचा उपद्रव फार. आकारानें ती मसुरीच्या डाळीएवढी, चपटी व जवळजवळ पारदर्शक असते, म्हणून खवल्यांवर पटकन् ध्यानांत येत नाहीं. बोट फिरविलें कीं मात्र सरकते. भिंगाखालीं तिच्या खालच्या अंगास दोन वाटोळे चोषक दिसतात. त्यांच्या आधारें ती माशाला चिकटते व बारीक कांट्यानें टोंचून रक्त शोषते. अंडीं घालावयाची वेळ आली म्हणजे ती मासा सोडते आणि दगड, लांकूड अशा टणक वस्तूंवर अंडीं चिकटविते. तिच्या या संवयीचा मत्स्यपालक चांगला उपयोग करून घेतात. तळ्यांत बांबू रोंवावे, ठराविक दिवसांनीं ते बाहेर काढून कडक उन्हांत वाळवावे, म्हणजे त्यांवरील अंडीं मरतात.

दुसरा लर्निया. परांच्या मुळाशीं किंवा पाठीवर एक-दोन सेंटिमीटर लांबीचा दोरा टोंचून उभा राहिल्यासारखा दिसला आणि त्याच्या बुडाशीं लाल सूज असली, तर तो हाच. दिसणारा दोरा ही मादी होय. तिचें डोकें माशाच्या मांसांत गलबताच्या नांगरासारखें रुतलेलें असतें, आणि बाहेरच्या टोंकाला अंड्यांच्या दोन लहान पिशव्या लोंबतात. तो ओढून काढला तर पुष्कळदां डोकें आंतच तुटून राहतें.

कांचेच्या पेटींत मासे पाळणाऱ्या मंडळींना तिसरा प्रकार चांगला परिचित असेल. माशाच्या अंगावर रवा शिंपडल्यासारखे पांढरे कण उठतात, आणि तो दगडाला अंग घासूं लागतो. या एकपेशीय प्राण्याचें नांव इक्थिओफ्थिरियस. तो कातडीच्या वर बसत नाहीं, तिच्या आंत राहतो; म्हणून पुसून जात नाहीं. पूर्ण वाढल्यावर तो माशाला सोडून तळाशीं जातो, आणि एकापासून शेंकडों पिलें होतात. त्यांना दोनएक दिवसांत दुसरा मासा मिळाला नाहीं, तर तीं मरतात. म्हणूनच दाट गर्दीच्या पेटींत हा रोग भडकतो, आणि वाहत्या नदींत सहसा भडकत नाहीं.

आतां कल्ल्यांकडे वळूं. ताज्या माशाचे कल्ले लालभडक व स्वच्छ असतात. ते फिकट असून त्यांवर चिकट बुळबुळीत थर सांचला असला, तर तेथें डॅक्टिलोगायरससारखे सूक्ष्म चपटे कृमि असण्याचा संभव असतो. चांगल्या भिंगानें ते आंखडतांना व लांबतांना दिसतात. कल्ल्यांवर किंवा परांवर मोहरीएवढ्या पांढऱ्या गांठी असल्या आणि टोंचल्यावर दुधासारखा द्रव निघाला, तर तो मिक्सोबोलस. त्या एका गांठींत हजारों बीजें असतात, परंतु त्यांचा धोका माशालाच, माणसाला नाहीं.

पोटांत व मांसांत जे सांपडतात, त्यांचा इतिहास मात्र अधिक रंजक आहे. त्या घरीं विळीवर निघालेली पांढरी फीत म्हणजे पट्टकृमि होता. कार्प जातीच्या माशांच्या पोटांत लिगुला नांवाचा असा कृमि वाढतो, आणि त्यानें माशाचें पोट गाभोळीनें भरल्यासारखें फुगतें. गाभोळी दाणेदार असते व तिच्यावर पातळ पडदा असतो. कृमि सलग, चपटा व चिवट असतो. मरळ माशाच्या आंतड्यांतहि पट्टकृमि सांपडतात, आणि मराठवाड्यांतील प्राणिशास्त्रज्ञांनीं त्यांच्या अनेक जातींचीं वर्णनें प्रसिद्ध केलेलीं आहेत.

कातडीवर तिळासारखे काळे ठिपके, किंवा मांसांत पिवळट दाणे दिसले, तर त्या कांहीं चपट्या कृमींच्या बाल्यावस्था होत. यांचा संसार तीन घरांत वाटलेला असतो. प्रौढ कृमि बगळ्यासारख्या मासेखाऊ पक्ष्याच्या अंगांत राहतो. त्याचीं अंडीं पक्ष्याबरोबर पाण्यांत पडतात. त्यांतून निघालेलीं पिलें पाणगोगलगायींत शिरून वाढतात. तेथून बाहेर पडून माशाच्या अंगांत घर करतात, आणि बगळ्यानें तो मासा गिळण्याची वाट पाहत बसतात. या तिघांपैकीं एक जरी नदींतून नाहींसा झाला, तरी हें चक्र तुटतें.

आतां परोपजीवी आणि दूषित पाणी यांतील फरक पाहूं. परोपजीवी हळूहळू पसरतो. तो बहुधा ठराविक जातींना धरतो, आणि एकाच जाळ्यांतले कांहीं मासे ग्रस्त तर कांहीं निरोगी असतात. उलट एका रात्रींत सर्व जातींचे, लहानमोठे मासे एकदम मेलेले तरंगूं लागले, किंवा पहांटे सारेच पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकूं लागले, तर दोष पाण्याचा समजावा. या दोहोंमध्यें एक तिसरा प्रकार आहे. मरळीसारख्या माशांच्या अंगावर खोल तांबडे व्रण पडणारा एक रोग भारतांत 1988 सालीं प्रथम आढळला. त्याचें मूळ कारण बुरशीसारखा एक सूक्ष्म जीव आहे. असा व्रण पडलेला मासा स्वयंपाकघरांत आणूं नये.

तळोज्याला हा विवेक विशेष अवश्य आहे. कासाडीचें पाणी कारखान्यांच्या सांडपाण्यानें बिघडल्याची तक्रार येथील मच्छीमारांनीं वारंवार केलेली आहे. 2017 सालच्या ऑगस्टांत तर या औद्योगिक वसाहतींत अंगाला रंग लागलेलीं निळीं कुत्रीं फिरतांना दिसलीं, आणि ती बातमी देशोदेशीं पोंचली. तो रंग कुत्र्याच्या पाठीवर दिसला म्हणून लोक जागे झाले. पाण्यांत विरघळलेलें विष माशाच्या पाठीवर असें दिसत नाहीं.

स्वयंपाकघरांत हाच फरक सर्वांत महत्त्वाचा ठरतो. परोपजीवी कितीहि ओंगळ दिसला, तरी पूर्ण शिजविल्यानें तो मरतो. मासा मध्यभागापर्यंत 63 अंश सेंटिग्रेड तापला कीं पुरे, आणि आपल्या कालवणाची उकळी त्याहून पुष्कळच वरची असते. भय असतें तें कच्चा मासा खाण्यांत. थायलंडच्या ईशान्य भागांत नदीचे मासे कच्चे खाण्याची चाल आहे, आणि त्यांतून शिरणारा यकृतकृमि तेथें पित्तमार्गाच्या कर्करोगाचें एक मोठें कारण ठरला आहे. पाऱ्यासारखी धातु मात्र उकळीनें नाहींशी होत नाहीं. जपानांतील मिनामाता येथील दुखणें 1956 सालीं उघडकीस आलें. तेथील समुद्रांत एका कारखान्याचा पारा जात होता, आणि तो खाडीतल्या माशांवाटे माणसांच्या मज्जातंतूंपर्यंत पोंचला. चुलीवरचा विस्तव त्यांना वांचवूं शकला नाहीं.

म्हणून गृहिणींनीं एवढें करावें. माशांत कृमि दिसला तर तो भाग कापून टाकावा, बाकीचा मासा स्वच्छ धुऊन पूर्ण शिजवावा. मन घेत नसेल तर खाऊं नये, परंतु भिऊं नये. रॉकेल, फिनेल किंवा औषध यांसारखा वास येणारा मासा मात्र दिसावयास कितीहि सुंदर असला तरी घेऊं नये, आणि तो कोणत्या पाण्यांतला, हें कोळिणीला अवश्य विचारावें. ती प्रामाणिकपणें सांगते. कारण ज्या पाण्यावर तिचें पोट, त्याची पारख तिला आपल्याहून अधिक असते.

शेवटीं एक गोष्ट सांगून रजा घेतों. माशाच्या कातडीवरचा काळा ठिपका पाहून आपण नाक मुरडतों. पण तो ठिपका तेथें आला, याचा अर्थ त्या पाण्यांत अजून गोगलगाय जगते आहे आणि त्या कांठावर अजून बगळा उतरतो आहे. नदी मरूं लागली म्हणजे असे अनेक घरांचे आश्रित आधीं नाहींसे होतात, आणि घाणींतहि फोफावणारे थोडे सूक्ष्म जीव मागें उरतात. तेव्हां कासाडीच्या माशावर असा ठिपका दिसला, तर त्याला नदीवरचा कलंक समजूं नये. ठिपके नाहींसे झाले, बगळे येईनासे झाले, आणि मासा नुसता गुळगुळीत दिसूं लागला, तर त्या दिवशीं मात्र चौकशी करावी.