चारशे बारा रुपयांचा फरक

१९८५ सालच्या जूनअखेरीस आमच्या शाखेतल्या सेव्हिंग्ज लेजरचं बॅलन्सिंग ४१२ रुपयांनी चुकलं. खात्यांची बेरीज जनरल लेजरपेक्षा तेवढ्यानं जास्त भरत होती. बँकेत उमेदीची वर्षं काढलेल्यांना पुढचं सांगायला नको. फरकाला नवानं भाग गेला तर अंकांची उलटापालट शोधायची. दोनानं गेला तर निम्म्या रकमेची नोंद उलट्या बाजूला पडली आहे का, ते पाहायचं. ४१२ला नवानं भाग जात नव्हता. २०६ रुपयांची दोन व्हाउचरं सापडली, दोन्ही निर्दोष. खुद्द ४१२ रुपयांची भरण्याची एक स्लिप मिळाली. तीही खात्यात रीतसर चढलेली होती. आम्ही लाल पेन्सिलीनं टिक केली आणि पुढे सरकलो.

खात्यात जादा जमा दिसली की संशय आधी लेजरवरच्या कारकुनावर जातो. तसा तो गेला. त्याला मेमो मिळाला. मी त्या काउंटरचा पासिंग ऑफिसर. मेमोचा मसुदा माझ्याच अक्षरातला होता.

हे सगळं आठवायचं कारण माझा भाचा. पुण्यात संगणकाच्या फाइल सिस्टिमवर काम करतो. दिवाळीत आला तेव्हा म्हणाला, ‘‘मामा, तुमच्या रोजकीर्द-खतावणीचंच काम करतो मी. फक्त लेजर डिस्कवर असतं.’’

मला आधी ती थट्टा वाटली. पण ती नव्हती. डिस्कवर कोणती जागा कुणाची, किती भरली, किती मोकळी, याचा हिशेब फाइल सिस्टिम ठेवते. एक फाइल लिहायची तर चार ठिकाणच्या नोंदी बदलाव्या लागतात. दोन बदलल्या आणि वीज गेली, तर हिशेब अर्धवट. म्हणून आधी सारं रोजकीर्दीत लिहायचं, मग सवडीनं खतावायचं. वीज आली की रोजकीर्द पुन्हा वाचून राहिलेलं पुरं करायचं. त्या रोजकीर्दीला तेही ‘जर्नल’च म्हणतात. आयबीएमनं १९९०मध्ये एआयएक्समध्ये अशी व्यवस्था आणली. लिनक्ससाठी स्टीफन ट्वीडी यांनी १९९८मध्ये तिचा आराखडा मांडला.

मग चूक येते कुठून? बहुतेक नोंदी ‘या घरात आता अमुक आहे’ अशा असतात. त्या दहादा वाचल्या तरी बिघडत नाही. पण जागेचा हिशेब ‘आठ वाढले’ अशा फरकानं लिहिला आणि तो वीज जाण्याआधीच खतावला गेला असेल, तर दुसऱ्या वाचनात आठाचे सोळा होतात. मग डिस्क अर्धी रिकामी असतानाही ‘जागा नाही’ असं उत्तर मिळू शकतं.

आणि हा दोष सापडता सापडत नाही. वीज नेमक्या त्या क्षणी जावी लागते. शिवाय तपासणीचा प्रोग्रॅम चालवला की तो सगळी जागा नव्यानं मोजून आकडा दुरुस्त करतो. हिशेब जुळतो आणि माग पुसला जातो. (आम्ही फरक सस्पेन्स खात्यात टाकून सुस्कारा सोडत असू, त्याचाच हा भाऊ.) म्हणून ही मंडळी यंत्र मुद्दाम शेकडो वेळा मधेच पाडतात आणि आकडा न सुधारता फक्त ताडून पाहतात. केंट ओव्हरस्ट्रीट यांची बीकॅशएफएस ही फाइल सिस्टिम २०२४च्या जानेवारीत लिनक्समध्ये आली. त्याच वर्षी सप्टेंबरच्या ६.११ आवृत्तीत तिच्या हिशेबाची पद्धतच नव्यानं लिहिली गेली. आता फरकाच्या प्रत्येक नोंदीवर रोजकीर्दीतल्या जागेचा क्रमांक असतो. खतावणीत तो क्रमांक आधीच येऊन गेला असेल, तर नोंद पुन्हा चढवायची नाही. (२०२५मध्ये ही फाइल सिस्टिम लिनक्सच्या मूळ संचातून वगळली गेली, पण ती निराळी भांडणं.)

क्रमांक म्हटल्यावर मी चहा खाली ठेवला. लेजरमध्ये नोंद केल्यावर व्हाउचरवर फोलिओ नंबर घालायचा, हा आमचाही नियम होता.

आमचा फरक सात महिन्यांनी सापडला. लेजरच्या पानावर ४१२ची ती नोंद अगदी शेवटच्या ओळीत होती. शिल्लक पुढच्या पानावर नेली गेली होती आणि तिथं पहिलीच नोंद पुन्हा ४१२. तारीख तीच. त्या दुपारी दिवे गेले होते. पहिला कारकून व्हाउचरवर नंबर न घालताच उठला होता. नंतर त्याच्या जागी बसलेल्यानं कोरं व्हाउचर पाहून ते प्रामाणिकपणे चढवलं होतं. आम्ही फक्त पहिलं पान पाहून टिक केली होती.

दोन्ही नोंदींपुढं तपासल्याची आद्याक्षरं माझी होती.

लेजर उचलून मी मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि दोन्ही पानं त्यांच्यापुढं उघडून ठेवली. मेमो मागं घेतला गेला, मला तोंडी समज मिळाली. पण ज्याला मेमो मिळाला होता तो तोवर बदली मागून कोकणात निघून गेला होता. मी त्याला पत्र लिहिलं. महिन्याभरानं पोस्टकार्ड आलं : ‘साहेब, फोलिओ नंबर घालायला मीच विसरलो होतो. आता जेवायला उठतानाही आधी घालतो.’