निर्मात्याच्या रकान्यात स्वतःचं नाव

आधी शेपूट येते. दारात ट्रक थांबतो, एक लांबट खोकं उतरवलं जातं. उघडल्यावर आत तपकिरी कागदात गुंडाळलेले ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे, वाकवून तयार केलेल्या बरगड्या, वजनावर भरलेल्या रिव्हेटांच्या पिशव्या आणि नकाशांचा गठ्ठा. अमेरिकेच्या ऑरेगन राज्यात ऑरोरा नावाचं गाव आहे, तिथली ‘व्हॅन्स एअरक्राफ्ट’ ही कंपनी विमान असं तुकड्यातुकड्यांत विकते. शेपटीनंतर पंख, मग धड, मग चाकं, काच, आसनं वगैरे शेवटचा माल. इंजिन वेगळं घ्यायचं, आणि त्याची किंमत उरलेल्या सगळ्या किटइतकी किंवा त्याहूनही जास्त.

शेपूट आधी देण्यात शहाणपण आहे. तिचा खर्च सगळ्यात कमी, आणि विमान बांधताना लागणारी बहुतेक कौशल्यं तिच्यात एकदा तरी वापरावी लागतात. संध्याकाळी जेवण उरकून गॅरेजमध्ये जायचं, शनिवार-रविवार तिथेच काढायचे, असं काही महिने केल्यावर ज्याला कळतं की हे आपलं काम नव्हे, तो तिथेच थांबतो. अर्धवट राहिलेल्या शेपट्या विकायला निघाल्याच्या जाहिराती नेहमी दिसतात. तरीही या एका कंपनीच्या किटांतून घरी बांधून प्रत्यक्ष उडालेली विमानं ११ हजारांच्या पुढे गेली आहेत.

घरी विमान बांधलं म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे एखादा अवलिया येतो, भंगारातून काहीतरी जमवून उडणारा. इथे तसं काही नाही. हवेचं गणित दुसऱ्याने केव्हाच सोडवून ठेवलंय. गॅरेजमधल्या माणसाने शोध लावायचा नसतो, त्याने एकच गोष्ट हजारो वेळा बिनचूक करायची असते. ती गोष्ट म्हणजे रिव्हेट.

या कंपनीच्या दोन सीटच्या आरव्ही-७ मध्ये दहा हजारांहून जास्त रिव्हेट असतात. त्यातले बहुतेक ३/३२ इंच जाडीचे, म्हणजे अडीच मिलिमीटरही नाहीत. काम असं चालतं. दोन पत्र्यांतली भोकं एकावर एक आणायची आणि मध्ये ‘क्लेको’ नावाचे स्प्रिंगचे चाप लावून ते धरून ठेवायचे. चापाचा रंग भोकाचं माप सांगतो. ३/३२ साठी चंदेरी, १/८ साठी तांबूस. मग प्रत्येक भोकात ड्रिल फिरवून ते नेमक्या मापाचं करायचं, पत्रे पुन्हा सुटे करायचे आणि प्रत्येक भोकाच्या दोन्ही कडांची बर, म्हणजे ड्रिलने उठलेली धारदार किनार, काढायची. बर राहिली तर पत्रे एकमेकांना चिकटून बसत नाहीत आणि पुढे कधीतरी तिथूनच तडा जातो. रिव्हेटचं डोकं पत्र्याच्या पातळीत बसायला हवं, म्हणून भोकाभोवती खळगा पाडायचा. वाटीत वाटी बसावी तसे दोन्ही पत्र्यांचे खळगे एकात एक बसले पाहिजेत. एवढं झालं की पुन्हा सगळं जोडायचं आणि मग रिव्हेट मारायचा. नवख्याला वाटतं की विमान बांधणं म्हणजे जोडणं. निम्मा वेळ तर जोडलेलं सोडवण्यात जातो.

मारताना दोघं असतील तर बरं. बाहेरचा माणूस हवेच्या दाबावर चालणारी गन डोक्यावर धरतो. आतला माणूस रिव्हेटच्या टोकाला पोलादाचा जड ठोकळा, म्हणजे बकिंग बार, दाबून धरतो. गन तडतडते आणि ठोकळ्यावर आपटून टोक पसरतं. ते मूळ जाडीच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच झालं की बरोबर. कमी मारला तर सैल, जास्त मारला तर पत्रा फुगतो, गन निसटली तर पत्र्यावर चंद्रकोरीसारखा वण उठतो आणि तो शेवटपर्यंत दिसत राहतो. धडाच्या निमुळत्या भागात शिरून ठोकळा धरण्याचं काम बहुतेक घरांत बायकोकडे किंवा सडपातळ मुलाकडे जातं. बिघडलेला रिव्हेट ड्रिलने काढता येतो, पण काढताना भोक मोठं होण्याची भीती असते. म्हणून जुने जाणते सांगतात, थोडा वाकडा असेल तर राहू दे. कुठला वाकडा चालेल आणि कुठला नाही हे ओळखणं हीच या कामातली खरी अक्कल, आणि ती नकाशात लिहिलेली नसते.

मधल्या पायऱ्या भराभर सांगण्यासारख्या आहेत, दोन सोडून. पहिली पेट्रोलची टाकी. ती पंखाच्या पुढच्या कडेतच असते, आणि तिचा प्रत्येक सांधा, प्रत्येक रिव्हेट काळ्या चिकट रसायनाने लिंपावा लागतो. ते हाताला, केसांना, दाराच्या कडीला, कुत्र्याला, सगळ्यांना लागतं, आणि त्याचा वास कपड्यांतून जात नाही. टाकी गळते का ते बघायला तिच्या नळीला फुगा लावतात, टाकीत हलकी हवा भरतात आणि सांध्यांवर साबणाचं पाणी फिरवतात. सकाळी फुगा बसलेला दिसला की रसायनाचा डबा पुन्हा उघडायचा. दुसरी पायरी म्हणजे डोक्यावरची पारदर्शक छत्री. एवढ्या मोठ्या ॲक्रिलिकच्या घुमटाला थंडीत करवत लावली तर तो तडकतो. म्हणून लोक उन्हाळ्याची वाट बघतात, नाहीतर गॅरेजमध्ये हीटर लावून ते भट्टीसारखं तापवतात. हे सगळं धरून दीड ते दोन हजार तास लागतात. नोकरी सांभाळून करणाऱ्याची त्यात कितीतरी वर्षं जातात.

पण एवढी मेहनत करूनही हे विमान आकाशात जातं ते कायद्याच्या एका वाक्याच्या जोरावर. विमानाचा बहुतांश भाग एखाद्याने स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा विरंगुळ्यासाठी बांधला असेल तर त्याला ‘प्रायोगिक’ वर्गातलं प्रमाणपत्र मिळू शकतं, असं अमेरिकेचा हवाई नियम सांगतो. लोक त्याला ५१ टक्क्यांचा नियम म्हणतात. हे टक्के तासांचे किंवा पैशांचे नाहीत, कामांच्या यादीतले आहेत. इंजिन, प्रोपेलर, यंत्रं यांची मोजणी त्यात धरत नाहीत. ती कोणी घरी बनवावी अशी अपेक्षाच नाही. फिलिपिन्समध्ये अर्धवट जोडून आलेले पंख आणि धड विकत घेण्याची सोयही कंपनी देते, पण ती जोडणी या यादीच्या मर्यादेतच थांबलेली असते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, विमानावर जी न जळणारी पाटी ठोकायची, तिच्यावर निर्माता म्हणून व्हॅन्सचं नाव येत नाही. बांधणाऱ्याचं येतं.

हे वाक्य आकाशातून पडलेलं नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराला अमेरिकेत घरगुती विमानांना जवळजवळ बंदीच होती. अपवाद ऑरेगनचा. तिथे राज्याचेच नियम सैल होते आणि बीव्हर्टनच्या आसपास हौशी मंडळी विमानं बांधून उडवत होती. त्यांना गमतीने ‘बीव्हर्टनचे आउटलॉ’ म्हणत. त्यांच्यातला जॉर्ज बोगार्डस १९४७ साली ‘लिटल जी बी’ नावाच्या आपल्या एका सीटच्या विमानात बसून ऑरेगनहून थेट वॉशिंग्टनला गेला, देशाच्या या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत. अर्ज लिहिण्यापेक्षा ज्याच्यासाठी अर्ज करायचा ते विमानच त्याने अधिकाऱ्यांच्या दारात नेऊन उभं केलं. पुढच्या वर्षांतही त्याने अशा फेऱ्या केल्या. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला हौशी विमानांचा वर्ग नियमात पक्का झाला. ‘लिटल जी बी’ आज स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे.

मग १९५३ मध्ये मिलवॉकीला पॉल पोबरेझ्नी यांनी ‘एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ सुरू केली. तिचा कारभार पहिल्यांदा त्यांच्या घराच्या तळघरातून चाले. १९५५ मध्ये ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’ मासिकाने त्यांचं ‘बेबी एस’ हे विमान ८०० डॉलरच्या आत कसं बांधावं हे छापलं आणि सभासदांचा ओघ सुरू झाला. आज संस्थेचा मेळा दर जुलैत विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशला भरतो आणि त्या आठवड्यात तिथला टॉवर जगातला सर्वांत गजबजलेला असतो. मला मात्र संस्थेचं मोठं काम तिच्या तांत्रिक सल्लागारांचं वाटतं. बांधकामाचा अनुभव असलेला एखादा निवृत्त माणूस तुमच्या गॅरेजमध्ये येतो, टॉर्च मारून आतली बाजू बघतो आणि म्हणतो, हा बोल्ट उलटा बसवलाय. पैसे घेत नाही, चहा घेतो. नियमाचं वाक्य टिकलं ते अशा टॉर्चवाल्यांमुळे.

‘व्हॅन्स’ कंपनी काढणारे रिचर्ड व्हॅनग्रुन्सव्हेन ऑरेगनच्याच शेतकरी घरातले. वडिलांनी शेतात धावपट्टी आखली होती, तीही आखूड. रिचर्ड यांनी स्टिट्स प्लेबॉय नावाचं विमान घेऊन त्याचे टेकूचे पंख काढले, ॲल्युमिनियमचे स्वतःच्या जोरावर उभे राहणारे पंख लावले आणि १९६५ मध्ये त्याला आपल्या आद्याक्षरांवरून आरव्ही-१ म्हटलं. संपूर्ण स्वतःचं आरव्ही-३ उडालं १९७१ मध्ये. वेगाने जायचं आणि शेतातही उतरायचं, ही दोन टोकं त्यांनी एका यंत्रात बसवली. आरव्ही-७ ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे धावतं आणि ताशी १०० च्या खाली येऊनही हवेत तरतं. गंमत म्हणजे या पंखाची रुंदी मुळापासून टोकापर्यंत सारखीच. दिसायला ओबडधोबड. पण म्हणून बरगड्या एकाच मापाच्या, आणि बांधणारा चुकला तर एकसारखंच चुकतो! पुढे कंपनीने संगणकावर चालणाऱ्या यंत्राने भोकं आधीच पाडून द्यायला सुरुवात केली आणि भाग जागेवर धरून ठेवणारे गॅरेजमधले अवाढव्य लाकडी सांगाडे गेले.

त्या भोकांनीच नंतर कंपनीला अडचणीत आणलं. करोनाच्या काळात मागणी इतकी वाढली की काही पत्रे पंचऐवजी लेझरने कापून घेतले गेले. लेझर जिथे सुरू होतो आणि थांबतो तिथे भोकाच्या कडेला बारीकशी खाच राहते, आणि खळगा पाडताना तिथून तडे जाऊ लागले. ग्राहकांचा विश्वास डळमळला, पत्रे बदलून देण्याचा खर्च अंगावर आला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीने दिवाळखोरी कायद्याचं संरक्षण मागितलं. व्हॅनग्रुन्सव्हेन यांनी स्वतःचे पैसे घातले, आगाऊ रक्कम भरलेल्यांना वाढीव किमती मान्य कराव्या लागल्या आणि २०२४ मध्ये कंपनी त्यातून बाहेर आली. एका भोकाच्या कडेवर एवढी मोठी कंपनी डगमगली, याचं गॅरेजवाल्यांना फारसं नवल वाटलं नसावं. ते वर्षानुवर्षं त्याच कडा घासत होते.

आपल्याकडे हा विषय निघाला की कॅप्टन अमोल यादव यांचं नाव येतंच. कांदिवलीच्या चारकोपमध्ये राहत्या इमारतीच्या गच्चीवर या वैमानिकाने सहा सीटचं विमान उभं केलं. किट नव्हतं, आराखडाही त्यांचाच. २०१६ च्या फेब्रुवारीत ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात वांद्रे-कुर्ला संकुलात ते लोकांनी पाहिलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये डीजीसीए या हवाई वाहतूक नियामकाने व्हीटी-एनएमडी अशी नोंदणी दिली आणि चाचणी उड्डाणाची परवानगी यायला २०१९ उजाडलं. वर्तमानपत्रांनी जिद्दीचं कौतुक केलं, ते योग्यच होतं. पण ऑरेगनचं गॅरेज आणि चारकोपची गच्ची यांतला फरक जिद्दीचा नाही. तिथे आधी हजारो जण चालून गेल्याने वाट मळलेली आहे. अर्ज कुठला, तपासायला कोण येणार, काय बघणार, हे आधीच ठाऊक असतं. यादवांना विमानासोबत ती वाटही बांधावी लागली, आणि विमानापेक्षा तिलाच वेळ लागला असणार. बोगार्डसला निदान आपल्या राज्यात विमान उडवायची मुभा होती, म्हणून तो ते घेऊन दारात जाऊ शकला. गच्चीवरचं विमान दारात न्यायचं तर क्रेन लागते.

मळलेली वाट सुरक्षितच असते असं मात्र नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ मध्ये केलेल्या पाहणीत दिसलं की घरगुती विमानं खासगी ताफ्याच्या सुमारे १० टक्के, पण जीवघेण्या अपघातांत त्यांचा वाटा २१ टक्के. इंजिन बंद पडणं आणि ताबा सुटणं ही मोठी कारणं, आणि धोका सुरुवातीच्या उड्डाणांत जास्त. म्हणूनच नव्या विमानाला सहसा पहिले २५ किंवा ४० तास ठरलेल्या हद्दीतच, प्रवासी न घेता उडावं लागतं. नंतरही आत शिरताना ‘एक्सपेरिमेंटल’ ही अक्षरं ठळक दिसली पाहिजेत, आणि हे विमान नेहमीच्या विमानांच्या सुरक्षा नियमांत बसत नाही, असं प्रवाशाला पाटीवर वाचायला मिळतं. भाडं घेऊन कोणाला नेता येत नाही.

गायक जॉन डेन्व्हर १९९७ च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत मरण पावला तो अशाच विमानात. बर्ट रुटान यांच्या आराखड्यावरचं लाँग-ईझी, दुसऱ्याने बांधलेलं, त्याने नुकतंच विकत घेतलेलं. बांधणाऱ्याने पेट्रोलच्या टाक्या बदलण्याचा खटका मूळ जागेवरून हलवून वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवला होता. तिथे हात पोचवायला वळताना पाय रडरच्या पेडलवर दाबला गेला असावा, असा तपासाचा निष्कर्ष होता. ज्याने खटका तिथे लावला त्याच्या हाताला तो सवयीचा असणार.

विमान विकताना बांधणारा आणि उडवणारा वेगळे होण्याची हीच अडचण समोर येते. बांधणाऱ्याला आपल्या विमानाची वार्षिक तपासणी स्वतः करण्याचं प्रमाणपत्र मिळतं, पण ते माणसाचं असतं, विमानाबरोबर जात नाही. निर्मात्याच्या रकान्यातलं नाव मात्र तसंच राहतं, नवा मालक रंग बदलो की इंजिन. उद्या अपघात झाला तर वकील ते नाव शोधत येऊ शकतो. म्हणून बरेच जण विकताना लांबलचक करारपत्र करून घेतात आणि ते कोर्टात कितपत टिकेल याची काळजी करत बसतात. काही मोजके जण तेही करत नाहीत. इंजिन, प्रोपेलर, यंत्रं सुटी विकतात आणि हाताने मारलेले दहा हजार रिव्हेट धडासकट भंगारात देतात.